नळीची लांबी आणि खांद्यावरचे ओझे



आमचे शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे जे काही झाले ते नगरवाचनालयात आणि संघटनेच्या कचेरीत झाले. तेव्हा शस्त्रविद्येवर आम्ही काय बोलणार, अशी शंका कार्यक्रमपत्रिका पाहून कोणाला आली असेल तर ती रास्तच आहे. आम्ही सैनिक नव्हे, पोलीस नव्हे आणि शिकारीही नव्हे. तीस वर्षे आम्ही बांबूतोड्यांत, तेंदूपत्ता तोडणाऱ्यांत आणि खाणकामगारांत वावरलो आणि हत्यारांविषयीच भांडलो. कधी फावड्याविषयी, कधी सब्बलीविषयी, कधी खाणीतल्या दिव्याविषयी. रायफल हेही एका नोकरदार माणसाच्या हातातले हत्यारच आहे. तो माणूस आपल्याच जिल्ह्यातला, बहुधा आपल्याच ओळखीतल्या कोणाचा तरी मुलगा असतो. ते हत्यार केवढे असावे, हे कोण ठरवतो आणि कसे ठरवतो, एवढ्यापुरतेच आज आम्ही बोलणार आहोत.

कुऱ्हाडीची गोष्ट घ्या. एटापल्लीकडच्या माडिया माणसाच्या खांद्यावर कुऱ्हाड नाही असे क्वचितच दिसते. पाते लोहाराकडून येते; दांडा मात्र तो स्वतः निवडतो. उंच माणसाचा दांडा लांब, ठेंगण्याचा आखूड. लांब दांड्याचा घाव जोरात बसतो. पण दाट बांबूच्या बेटात तो मागे अडकतो, घाव घालायला जागाच मिळत नाही. लांबीने जोर येतो आणि लांबीनेच अडचण येते, हा रायफलीचा सारा वाद या दांड्यात आहे. फरक इतकाच की कुऱ्हाडीच्या बाबतीत निवडणारा आणि वापरणारा एकच असतो.

आता नळीचे शास्त्र थोडक्यात पाहू. काडतुसातली दारू पेटली की तिचा वायू होतो आणि तो वायू गोळीला नळीतून पुढे ढकलतो. गोळी नळीत असते ती सेकंदाच्या सुमारे हजाराव्या भागाइतका वेळ; तेवढ्यातच जो काही वेग मिळायचा तो मिळतो. नळी लांब असेल तर ढकलण्याला अवधी अधिक आणि वेगही अधिक. परंतु हा लाभ वाढत्या लांबीबरोबर कमी कमी होत जातो. पहिल्या दहा इंचांनी जे दिले ते पुढच्या दहा इंचांनी मिळत नाही. उलट नळी फार आखूड केली तर पेटती दारू नळीच्या तोंडाबाहेर जळते. मोठा भडका उडतो, कान बधिर होतात आणि रात्रीच्या वेळी गोळी झाडणाराच क्षणभर आंधळा होतो. शत्रूला त्याचा ठावठिकाणा कळतो तो वेगळाच.

इथपर्यंतचे गणित साध्या बंदुकीचे झाले. बोल्ट हाताने मागेपुढे करण्याच्या जुन्या थ्री-नॉट-थ्रीला ते पुरे होते. आपोआप भरणाऱ्या रायफलीत दुसरे गणित येते, ते गॅसचे. नळीला एका ठिकाणी बारीक छिद्र पाडलेले असते. गोळी त्या छिद्रापुढे गेली की मागच्या वायूतला थोडासा भाग छिद्रातून वर येतो, एका दट्ट्याला म्हणजे पिस्टनला धक्का देतो आणि त्या धक्क्याने बोल्ट मागे जाऊन रिकामे काडतूस बाहेर फेकतो व नवे आत घेतो. म्हणजे गोळी फेकणारा वायूच पुन्हा हमालीला लावलेला असतो.

हे छिद्र नळीवर कोठे पाडावे, हा या विषयातला खरा पेच आहे. मागे, काडतुसाच्या जवळ पाडले तर तिथे वायूचा दाब फार. धक्का जोरात बसतो, यंत्रणा धाडधाड चालते आणि भाग लवकर झिजतात. पुढे पाडले तर दाब उतरलेला असतो आणि चाल मऊ होते; पण छिद्रापुढे नळी पुरेशी उरली पाहिजे. कारण गोळी नळीबाहेर पडली की दाब एकदम सुटून जातो आणि पिस्टनला हवा तेवढा वेळ धक्का मिळत नाही. म्हणून नळीची लांबी बदलायची तर गॅसची योजनाही बदलावी लागते. एक कापून दुसरे तसेच ठेवता येत नाही. बैलगाडीचे जू बदलले म्हणजे धुराही पाहावी लागते, तसेच हे आहे.

आता थोडे इतिहासाकडे वळू. १८५७ च्या उठावानंतर देशी पलटणींच्या हाती चांगली रायफल द्यावी की नाही, असा प्रश्न इंग्रज सरकारपुढे पडला. रायफलीच्या नळीत आतून पीळ असतो. त्या पिळाने गोळी स्वतःभोवती फिरते आणि सरळ व लांब जाते. सरकारने देशी शिपायांसाठी बाहेरून तशीच दिसणारी, पण आतून गुळगुळीत नळीची बंदूक काढली. तिची गोळी जवळच्यापुरतीच नेमकी जाई. याच सुमारास, २१ ऑक्टोबर १८५८ रोजी, आपल्या चांद्याच्या तुरुंगात बाबुराव शेडमाके यांना फाशी दिले गेले. पुढे कित्येक दशके पोलीस आणि तुरुंगरक्षक यांच्यासाठी ईशापूरच्या कारखान्यात थ्री-नॉट-थ्रीच्याच धाटणीच्या गुळगुळीत नळीच्या मस्केटी होत राहिल्या. मंडळी, ही निवड कोणत्या अंतरावर मारा करायचा हे पाहून झाली नव्हती. हत्यार धरणाऱ्यावर मालकाचा विश्वास किती, हे पाहून ती झाली होती. कारखान्यात अवजारखोलीची किल्ली कोणाकडे असावी यावरून आम्ही जे वाद घातले, त्यांत हीच गोष्ट आम्हाला पुनःपुन्हा भेटली.

नळीच्या लांबीचा शुद्ध वाद त्यानंतर आला. बोअर युद्धापर्यंत इंग्रजांचे पायदळ सुमारे ३० इंची नळीची लांब रायफल वापरी आणि घोडदळ सुमारे २१ इंची नळीची कार्बाइन. युद्धानंतर, १९०४ च्या सुमारास, दोघांसाठी मिळून एकच रायफल काढण्यात आली, २५ इंची नळीची. त्या वेळी इंग्लंडातल्या निशाणबाजीच्या तज्ज्ञांनी केवढी ओरड केली! नळी आखूड झाली, नेम बिघडला, सैन्याचे आता काही खरे नाही, असे लेख आले. निशाणबाजीच्या मैदानावर पोटावर निजून हजार यार्डांवरच्या फळीवर गोळी मारणाऱ्याच्या दृष्टीने ते बरोबरही असेल. पहिल्या महायुद्धात तीच रायफल चिखलात, खंदकात चालली आणि आपल्याकडे पोलिसांच्या खांद्यावर ती एकविसाव्या शतकातही दिसत होती.

याहून आपल्याला जवळची गोष्ट आहे ती ‘जंगल कार्बाइन’ची. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाच्या अरण्यात लढताना लांब रायफल वेलीत अडकते, खांद्याला जड होते, अशा तक्रारी गेल्या. तेव्हा १९४४ मध्ये त्याच थ्री-नॉट-थ्रीची नळी कापून पावणेएकोणीस इंचांच्या आसपास आणली, जागोजागचे लोखंड कोरून काढले आणि वजन जवळजवळ एक किलोने कमी केले. कागदावर सारे उत्तम. पण काडतूस तेच ठेवले होते. हलक्या बंदुकीतून तेवढीच दारू उडाल्यावर खांद्याला असा दणका बसे की कुंद्याला रबर लावावे लागले. भडका इतका उडे की तोंडाशी नरसाळे बसवावे लागले. शिवाय आज बांधलेला नेम उद्या सरकलेला असे, अशी तक्रार आली आणि १९४७ मध्ये तिचे उत्पादन थांबवण्यात आले. हिचा दोष आखूडपणात नव्हता. ओझे कमी करा हे शिपायाचे म्हणणे वरच्यांनी ऐकले; पण अर्धेच ऐकले. नळी कापली आणि काडतुसाला हात लावला नाही.

असाच अर्धवटपणा व्हिएतनामच्या जंगलात अमेरिकेने केला. त्यांची एम-१६ रायफल २० इंची नळीची. तिच्यात पिस्टन नाही. वायू एका बारीक नळकांडीतून थेट मागे बोल्टकडे जातो. वजनाला हलकी. तिला साफसफाई फारशी लागत नाही, असे शिपायांना सांगण्यात आले आणि सफाईचे साहित्य पुरेसे दिलेच नाही. त्यातच काडतुसातली दारू बदलण्यात आली. नव्या दारूची काजळी अधिक आणि गॅसच्या छिद्रापाशी तिचा दाबही वेगळा. रायफली अडकू लागल्या. रिकामे काडतूस आत रुतून बसलेली रायफल हातात घेऊन माणसे मेली. शिपायांनी घरी पत्रे लिहिली, आईबापांनी ती लोकप्रतिनिधींना दाखवली आणि १९६७ मध्ये त्यांच्या संसदेच्या एका उपसमितीने चौकशी करून लष्करी खात्याला दोष दिला. आमच्या मते कामगारांच्या तक्रारअर्जाचा एवढा मोठा विजय त्या युद्धात दुसरा झाला नाही. नंतर नळीचा आतला भाग क्रोमने मढवला, सफाईचे साहित्य दिले आणि रायफल सुधारली.

त्याच रायफलीची नळी खास तुकड्यांसाठी कापून १० इंचांवर आणली, तेव्हा आवाज आणि भडका असह्य झाला. मग तोंडाशी चार इंचांहून लांब नळकांडे बसवले. म्हणजे कापले आणि पुन्हा जोडले! अखेर त्यांच्या सैन्याची कार्बाइन साडेचौदा इंचांवर स्थिरावली. तिच्यात गॅसचे छिद्र मागे सरकले, दाब वाढला आणि झीजही वाढली. पुढे तिकडच्या कारागिरांनी छिद्र मधल्या अंतरावर आणून तोड काढली. पन्नास वर्षे घासाघीस चालली आणि ती अजून संपलेली नाही.

आता आपल्या घरी येऊ. चंद्रपूर जिल्ह्याची फाळणी होऊन २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली जिल्हा झाला, त्याच्या थोडे आधी नक्षलवादी दल प्राणहिता ओलांडून इकडे आले होते. १९९० मध्ये गडचिरोली पोलिसांनी स्थानिक तरुणांची साठ जणांची तुकडी उभी केली. तीच सी-६०. यातली पुष्कळ मुले गोंड-माडिया. जंगल त्यांचे, भाषा त्यांची, चाल त्यांची. रायफल मात्र दुसऱ्या देशासाठी आखलेली.

ती रायफल म्हणजे एसएलआर. मूळ आराखडा बेल्जियमचा. तोही आधी एका लहान काडतुसासाठी होता. १९५४ मध्ये पश्चिमी राष्ट्रांनी अमेरिकेच्या आग्रहाने मोठे काडतूस पत्करले आणि रायफल लांब व जड झाली. १९६२ च्या चीनयुद्धानंतर ती आपल्याकडे ईशापूरला मोठ्या प्रमाणावर होऊ लागली. लांबी सुमारे पावणेचार फूट, नळी सुमारे २१ इंची, रिकामी असतानाच वजन साडेचार किलोच्या आसपास. तिच्यात गॅस कमीअधिक करण्याचे कडे असते. काजळी साचली, चाल मंदावली की ते फिरवून पिस्टनला अधिक वायू द्यायचा. जाणत्या हवालदाराच्या हातात ही सोय सोन्यासारखी. पण चिखलात भिजलेल्या, घाबरलेल्या माणसाला ते कडे फिरवायला कोण वेळ देणार? मारा मात्र तिचा दूरवर, झाडाआडच्या माणसालाही न सोडणारा. जुने शिपाई अजून तिचे नाव आदराने घेतात.

मग पुण्याच्या संशोधन संस्थेत आखलेली इन्सास आली. नळी ४६४ मिलिमीटर म्हणजे सव्वाअठरा इंच आणि काडतूस लहान. त्याचे महत्त्व हमालाला विचारा. एसएलआरची शंभर काडतुसे सुमारे दोन किलो चारशे ग्रॅम भरतात, इन्सासची त्याच्या निम्मी. १९९९ च्या कारगिल युद्धात तिच्याविषयी तक्रारी आल्या: थंडीत मॅगझिनला तडे जातात, तेल उडून डोळ्यांत जाते. सुधारणा झाल्या, परंतु नाव गेले ते गेले. २०१५ च्या आगेमागे केंद्रीय राखीव पोलीस दलाने नक्षलभागातल्या आपल्या जवानांसाठी इन्सासऐवजी एके रायफल हवी असा आग्रह धरला, त्यामागे अडकण्याच्याच तक्रारी होत्या.

एके-४७ हे एका सार्जंटाचे काम. मिखाईल कलाश्निकोव्ह हा शेतकऱ्याचा मुलगा, रेल्वेत नोकरी केलेला, १९४१ मध्ये रणगाड्यावर जखमी झालेला, आणि आमच्यासारखाच शाळेबाहेर शिकलेला. त्याच्या रायफलीची नळी ४१५ मिलिमीटर म्हणजे साडेसोळा इंचांहूनही थोडी कमी. गॅस कमीअधिक करण्याची सोयच नाही. गरजेपेक्षा जास्त वायू घ्यायचा, पिस्टन जड ठेवायचा, भाग सैल बसवायचे. मग चिखल असो, पाऊस असो, ती चालते. याची किंमत म्हणजे हादरा जास्त आणि तीनशे मीटरच्या पुढे नेम सैल. निशाणबाजीच्या मैदानावर तिला बक्षीस मिळणार नाही.

मग आपल्या जंगलाला कोणती? इथे दिल्ली-पुण्याच्या कागदपत्रांत न येणारी एक गोष्ट सांगतो. आपले जंगल पानगळीचे आहे. भाद्रपदात भामरागडच्या वाटेवर वीस पावलांपुढचा माणूस दिसत नाही. तिथे २१ इंची नळी म्हणजे बांबूत अडकणारा दांडाच. तेच जंगल फाल्गुन-चैत्रात साग आणि मोह झडले की दोनशे पावले मोकळे दिसते, आणि डोंगराच्या धारेवरून तर त्याहून लांब. म्हणजे एकाच शिपायाला एकाच वाटेवर वर्षातून दोन वेगळ्या लांबीच्या नळ्या हव्यात! दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत झालेल्या पाहणीत रायफलीचा परिणामकारक मारा बहुतेक तीनशे यार्डांच्या आतच होतो असे दिसले. आपला भाद्रपद त्याच्याही कितीतरी आत बसतो. सोळा ते अठरा इंचांची नळी, पावसात न अडकणारी गॅसयंत्रणा आणि दहांच्या तुकडीत एक-दोन लांब पल्ल्याच्या रायफली, असे आमच्यासारख्याचे अडाणी मत आहे. पुष्कळ दले या ना त्या रूपात इथेच येऊन पोचलेली दिसतात. आता अमेठीत नव्या पिढीची एके-२०३ होते आणि तिचीही नळी ४१५ मिलिमीटरच आहे.

भद्रावतीच्या दारूगोळा कारखान्याचे नाव या संदर्भात कोणी घेईल. तो रायफली करीत नाही. तोफांचे गोळे आणि तत्सम दारूगोळा करतो. १ ऑक्टोबर २०२१ पासून तो म्युनिशन्स इंडिया या सरकारी कंपनीकडे गेला आणि ईशापूरची रायफल दुसऱ्या कंपनीकडे गेली. त्याविषयी आम्हाला पुष्कळ बोलायचे आहे; पण तो आजचा विषय नव्हे.

हेही स्वच्छ सांगितले पाहिजे की सगळे मरण रायफलीच्या लांबीवर अवलंबून नव्हते. १ मे २०१९ रोजी, महाराष्ट्र दिनी, जांभुळखेड्याजवळ भूसुरुंगाने १५ जवान आणि त्यांचा वाहनचालक गेले. तिथे नळी सोळा इंची होती की एकवीस, याला काय अर्थ? आणि १५ ऑक्टोबर २०२५ रोजी भूपती या नावाने ओळखला जाणारा नक्षलवादी नेता मल्लोजुला वेणुगोपाल आणि त्याचे ६० साथीदार गडचिरोलीत मुख्यमंत्र्यांपुढे शरण आले, तेव्हा त्यांनी ५४ शस्त्रे खाली ठेवली. त्यांत एके-४७ होत्या, इन्सासही होत्या. जी रायफल सरकारने आपल्या शिपायाला दिली तीच लुटून समोरच्याच्या हाती गेलेली, आणि दोन्ही हात बहुधा एकाच तालुक्यातले. एकाच्या हाती ती नोकरी म्हणून आली, दुसऱ्याच्या हाती दल म्हणून. लांबी कोणीच निवडली नव्हती.

जंगल शांत होत असताना आता हा विषय कशाला, असे कोणी म्हणेल. आम्ही म्हणतो, आत्ताच. घाईची खरेदी नेहमी चुकते, स्वस्थपणी केलेली कमी चुकते. जानेवारी २०२४ मध्ये पुण्याच्या संस्थेने हैदराबादच्या एका खाजगी कंपनीबरोबर ‘उग्रम’ नावाची नवी रायफल दाखवली. मोठ्या काडतुसाची, चार किलोंच्या आत वजनाची, पाचशे मीटर माऱ्याची. ती चांगली असेल. पण तिची आणि तिच्यासारख्या प्रत्येकीची एक परीक्षा भामरागडला श्रावणात व्हावी, पर्लकोटेला पूर आलेला असताना, चार दिवस पुलथ्रू आणि चिंधी न मिळालेल्या रायफलीवर. दुसरी परीक्षा चैत्रात व्हावी. परीक्षा घेणाऱ्या समितीत तीन साधे शिपाई असावेत, साक्षीदार म्हणून नव्हे, मत असलेले सभासद म्हणून. त्यांतला एक ठेंगणा असावा आणि एक महिला असावी, कारण खांद्यापासून चापापर्यंतचे अंतर सगळ्यांचे सारखे नसते. रायफल किती वेळा अडकली याची वही त्या शिपायांच्या हातची असावी आणि ती वही वरच्या कचेरीत गेल्यावर तिच्यातली पाने कमी होऊ नयेत. या शेवटच्या अटीवर आम्ही विशेष भर देतो. तक्रारवहीतली पाने कशी कमी होतात हे आम्ही एका ठिकाणी डोळ्यांनी पाहिले आहे. ठिकाणाचे नाव घेत नाही.

अध्यक्षांनी घड्याळ दाखवले आहे. यंत्राविषयी कोणाला बारीक शंका असतील, तर पहिल्या रांगेत शस्त्रागारात पंचवीस वर्षे काढलेले एक निवृत्त हवालदार बसले आहेत. गॅसचे ते कडे कसे फिरते हे ते आमच्यापेक्षा पुष्कळ चांगले सांगतील. त्यांना आम्ही व्यासपीठावर बोलावतो.